लग्नगड्याची बायको



आज मी तुमच्यासमोर एका पुस्तकाविषयी बोलणार आहे. पुस्तक नवे नाही. गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे ते पुस्तक. १९७० साली ते प्रसिद्ध झाले आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. तुमच्यापैकी जे शिक्षक आहेत त्यांनी ते वाचलेले असेल. निदान त्याचे नाव तरी ऐकलेले असेल. शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांतल्या माणसाला ते परके वाटण्याचे काही कारण नाही. त्यातली हकीकत डहाणू, तलासरी, उंबरगाव या बाजूची आहे, आणि तो मुलूख त्या वेळी आपल्या ठाणे जिल्ह्यातच होता. पुढे १९६० साली उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा वेगळा जिल्हा झाला आणि डहाणू-तलासरीही आपल्यापासून वेगळे झाले. हद्द बदलली, पण तेच डोंगर, तोच भाताचा आणि नागलीचा संसार, आणि वारली, ठाकूर, कातकरी ही तीच माणसे दोन्ही बाजूंना आहेत.

प्रथम लेखिकेविषयी दोन शब्द सांगतो. गोदावरीबाईंचा जन्म १९०७ सालचा, पुण्याच्या गोखल्यांच्या घरात. वडील वकील. घर सुशिक्षित, खाऊनपिऊन सुखी, समाजात मान असलेले. बाईंनी स्वतः कायद्याची पदवी घेतली. महाराष्ट्रातील पहिल्या कायदा-पदवीधर स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. स्वातंत्र्याच्या चळवळीत त्यांनी तुरुंगवास सोसला. नंतर भारत सेवक समाजात त्या दाखल झाल्या, मुंबईत साक्षरतेचे काम केले, आणि १९३९ साली शामराव परुळेकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे दोघेही किसान सभेच्या कामात पडले. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची प्रांतिक परिषद भरली. मुरबाडकरांना टिटवाळा म्हणजे शेजारचेच गाव. त्या परिषदेला उंबरगाव बाजूचे काही वारली आले होते. त्यांनी आपली कैफियत मांडली, आणि तिथून बाईंची पावले वारल्यांच्या पाड्यांकडे वळली. त्यांचे राजकीय मत तुम्हांला पटेलच असे नाही, आणि हे पुस्तक वाचण्यासाठी ते पटण्याची अटही नाही.

मराठीत स्त्रियांनी लिहिलेल्या आठवणींची परंपरा चांगली जुनी आहे. रमाबाई रानडे यांच्या आठवणी १९१० साली आल्या. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ तर घरोघर वाचली गेली. या पुस्तकांत स्त्रीच्या जीवनाचे रणांगण म्हणजे घर. सासरची माणसे, माजघर, सोवळेओवळे, नवऱ्याने शिकवायचे आणि सासरच्या बायकांनी टोमणे मारायचे. गोदावरीबाई याच वर्गातून आल्या. पण त्यांच्या पुस्तकात त्यांचे स्वतःचे घर जवळजवळ नाहीच. तेथे आहेत झोपड्या, जमीनदारांचे वाडे, गवताची कुरणे आणि जंगल. म्हणजे आठवणी एका वर्गातल्या स्त्रीच्या, आणि त्यांतले जीवन दुसऱ्या वर्गाचे. या गोष्टीमुळेच स्त्री आणि वर्ग यांचा विचार करायला हे पुस्तक मला फार सोयीचे वाटते.

आता त्यांनी काय पाहिले ते थोडक्यात सांगतो.

वारल्यांच्या जमिनी सावकार-जमीनदारांच्या हाती गेल्या होत्या, आणि जमिनीचा मूळ मालक तिथेच कूळ म्हणून किंवा गडी म्हणून राबत होता. जमीनदाराचा निरोप आला, की आपले शेत तसेच टाकून त्याच्या शेतावर जायचे. त्याचे गवत कापायचे, लाकूडफाटा आणायचा. याला मजुरी नाही. ही वेठ. हे केवळ चळवळ्या माणसांचे म्हणणे होते असे समजू नका. मुंबई सरकारने नेमलेल्या सिमिंग्टन नावाच्या सनदी अधिकाऱ्याने १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस आदिवासींच्या स्थितीची पाहणी केली, तेव्हा त्यानेही आपल्या अहवालात वेठीचे आणि मारहाणीचे वर्णन केले होते.

वेठीहून वाईट गोष्ट होती लग्नगड्याची. लग्न करायचे म्हणजे मुलाने मुलीच्या बापाला देज द्यायचे, सोयऱ्याधायऱ्यांना जेवण द्यायचे, ताडी पाजायची. हातात पैसा नाही. मग जमीनदाराकडून रक्कम उचलायची. पन्नास, शंभर, फार तर दोनशे रुपये. त्या रकमेपोटी तो नवरदेव जमीनदाराचा बांधलेला गडी होई. त्यालाच लग्नगडी म्हणत. हिशेब जमीनदाराच्या वहीत, आणि ती वही वाचता येणाराही तोच. तेव्हा कर्ज फिटणार कसे? एक पिढी राबून संपे आणि मुलगा बापाच्या जागी उभा राही. आणि त्या गड्याची बायको? तीही जमीनदाराकडे राबे. शेण काढायचे, भात कांडायचे, पाणी भरायचे. तिच्या अब्रूवरही जमीनदार आपला हक्क समजत. गोदावरीबाईंनी हे आडपडदा न ठेवता लिहिले आहे.

हा भाग मी एकदा वर्गात समजावून सांगत होतो. डोळखांबकडून येणारी एक विद्यार्थिनी उठून उभी राहिली आणि म्हणाली, “सर, कर्ज नवऱ्याने काढलं. अंगठा त्याचा. मग बायको कोणत्या कागदाने बांधली गेली?”

प्रश्न साधा आहे, पण माझ्या मते या पुस्तकातून उचलण्यासारखा सर्वांत मोठा प्रश्न तोच. याचे उत्तर असे, की तिच्या बाबतीत कागद लागलाच नाही. गडी बांधला की त्याची बायको त्यात आलीच, असे जमीनदाराने धरून चालले. नवऱ्यानेही तसेच धरून चालले. गावानेही धरले. नवऱ्याचे नाव निदान वहीत तरी होते; कर्जदार म्हणून का होईना, पण होते. तिचे नाव कुठेच नव्हते. ज्याचे नाव वहीत आहे त्याला निदान “माझा हिशेब दाखवा” असे म्हणता येते. जिचे नावच नाही तिने कोणता हिशेब मागायचा?

आता याच्या शेजारी दुसरी एक गोष्ट ठेवून पाहा. वारली समाजातल्या स्त्रीला त्यांच्या रीतिरिवाजात काही मोकळीक होती, आणि ती पांढरपेशा घरातल्या बाईला त्या काळी स्वप्नातही नव्हती. विधवेला पुन्हा लग्न करता येई. नवऱ्याशी पटले नाही तर त्याला सोडता येई. पैशाअभावी लग्नाचा विधी लांबला तरी दोघे एकत्र नांदत, आणि विधी पुढे सवडीने होई. देज मुलाने द्यायचे, म्हणजे मुलगी ही बापाच्या उरावरची धोंड नव्हती. इतकेच नव्हे, वारल्यांचे लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे एक स्त्री! लग्नाच्या वेळी भिंतीवर चौक लिहायचा तोही सवाशिणींनी. पुण्यामुंबईच्या सुशिक्षित घरांत विधवाविवाहासाठी सुधारकांना आयुष्य वेचावे लागले, आणि इथे डोंगरातल्या पाड्यावर त्याची चर्चा करण्याचीही गरज नव्हती.

मग या दोघींत मोकळी कोण? एकीला घरात अन्न होते, अंगावर लुगडे होते, पण उंबऱ्याबाहेर पाऊल टाकण्याची चोरी. दुसरी रानोमाळ हिंडे, नवरा स्वतः निवडी, पण तिचे श्रम आणि तिचे शरीर जमीनदाराच्या मर्जीवर. आणि तिसरीही एक होती, हे विसरू नका. ती म्हणजे वाड्यातली बाई, जमीनदाराची बायको. तिलाही स्वतःची सत्ता नव्हती. तरी अंगणात राबणाऱ्या लग्नगड्याच्या बायकोला हुकूम तीच सोडणार. बाई आहे म्हणून दुसऱ्या बाईचे दुःख तिला आपोआप कळेल, असे होत नाही. मध्ये जमीन उभी असते, पैसा उभा असतो, जात उभी असते. उलट, एका वर्गातली सगळी माणसे सारखी गांजलेली आहेत म्हणून त्या वर्गातली स्त्री आणि पुरुष सारखेच गांजलेले असतात, असेही होत नाही. लग्नगडी जमीनदाराचा बांधील, आणि त्याची बायको त्या बांधिलाची बांधील. या दोन्ही गोष्टी एकदम ध्यानात ठेवाव्या लागतात. एक धरली आणि दुसरी सोडली, की आपला विचार लंगडा पडतो.

पुढची हकीकत पुस्तकात सविस्तर आहे. २३ मे १९४५ रोजी तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यात झरी या गावी वारल्यांची मोठी सभा झाली. वेठ करायची नाही. रोख बारा आणे रोज मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या खाजगी शेतावर काम करायचे नाही. लग्नगडी म्हणून कोणी राहायचे नाही, असे तेथे ठरले. आणि ठरले ते कागदावर राहिले नाही. वारली गावोगाव गेले आणि त्यांनी बांधलेल्या गड्यांना सोडवून आणले. सरकारी कायद्याची वाट न पाहता पिढ्यान् पिढ्यांची गुलामी त्यांनी अल्पावधीत मोडून काढली. त्याच वर्षी पावसाळा सरल्यावर गवत कापणीचा संप झाला. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये मजुरी, ही मागणी होती. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला आणि पाच माणसे मेली. लोकांना तिथे जमवण्यासाठी ‘गोदाराणी’च्या नावाने खोटी आवई उठवली गेली होती, असे सांगतात. वारली बाईंना गोदाराणी म्हणत. एका बाईच्या नावावर हजारो माणसे घर सोडून निघतात, हे ज्यांनी ती आवई उठवली त्यांनाही पुरते ठाऊक होते! आदिवासी पुरुषांनी शहरातून आलेल्या एका स्त्रीला पुढारी मानले. बाई आहे म्हणून तिच्या मागे जायला त्यांना कमीपणा वाटला नाही. याचे श्रेय बाईंना आहे, तसेच वारल्यांनाही आहे.

इतके सांगितल्यावर वाचक म्हणून मला जाणवलेली एक उणीवही सांगितली पाहिजे. या पुस्तकातली वारली स्त्री आपल्याला दिसते ती गोदावरीबाईंच्या डोळ्यांनी. बाईंची दृष्टी प्रेमाची आहे, आदराची आहे. पण ती शेवटी बाहेरून आलेल्या माणसाची आहे. लग्नगड्याच्या बायकोला त्या दिवशी, म्हणजे नवरा सुटून घरी आला त्या दिवशी, काय वाटले, हे तिच्याच तोंडून ऐकायला मिळाले असते तर? वाड्यावरची वेठ सुटली, पण घरातली पहाटेची घागर आणि रात्रीची चूल कुणी वाटून घेतली का? तिचे रोजाचे आणे तिच्या हातात पडले, की नवऱ्याच्या? हे आपल्याला कळत नाही. तो दोष बाईंचा मानू नये. ज्या बाईने सांगायला हवे होते तिला लिहिता येत नव्हते, एवढाच त्याचा अर्थ.

आता तुम्ही म्हणाल, गुरुजी, हे सगळे जुने झाले. लग्नगडी गेला, वेठ गेली. १९७६ साली वेठबिगार निर्मूलनाचा कायदाही झाला. खरे आहे. तरी दिवाळी उरकल्यावर शहापूर-मुरबाडच्या कुठल्याही कातकरी वाडीवर जाऊन पाहा. घरांना कड्या लागलेल्या दिसतील. माणसे भिवंडी-कल्याणकडे वीटभट्टीवर गेलेली असतात. जाण्यापूर्वी पावसाळ्यातच मालकाकडून बयाणा घेतलेला असतो. कुणी आजारपणासाठी, कुणी पोटासाठी, कुणी लग्नासाठी. भट्टीवर आठवड्याला खावटी मिळते, आणि मोसम संपल्यावर हिशेब. दर ठरतो हजार विटांमागे, आणि काम धरले जाते जोडीचे. नवरा चिखल मळतो, साच्यातून वीट पाडतो. बायको माती-पाणी वाहते, विटा उलटवून सुकवते, रचते. आणि शिवाय भाकऱ्याही तीच भाजते. हिशेबाची वही उघडली, की नाव कुणाचे? नवऱ्याचे. माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न इथे जसाच्या तसा लागू पडतो. बयाणा त्याने घेतला. ती कोणत्या कागदाने भट्टीवर आली?

यात आणखी एक तिसरी असते. ती आठ-दहा वर्षांची मुलगी. आई विटा वाहत असताना धाकट्या भावंडाला कडेवर कोण घेणार? म्हणून ती शाळेतून उठते. शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्या हजेरीपटावर कार्तिकानंतर जे नाव गैरहजर दिसू लागते, ते तिचे. मुलगा एखाद वेळी आजीजवळ मागे ठेवला जातो. मुलीला मात्र कामाची म्हणून बरोबर नेतात.

हे फक्त आदिवासींचे आहे असे समजून आमच्या कुणबी-आगरी घरांनी हात झटकू नयेत. राबासाठी पालापाचोळा डोक्यावरून वाहते कोण? आवणीला दिवसभर पाण्यात वाकून उभी राहते कोण? कापणी, बांधणी, झोडणी, यांतले कोणते काम बाईवाचून होते? तरी सातबाऱ्यावर तिचे नाव शोधा, बहुतेक सापडत नाही. आणि सापडले तर पुष्कळदा नवरा वारल्यानंतरच. शहापूर तालुक्यातल्या तानसा आणि भातसा या धरणांचे पाणी मुंबईला जाते, आणि त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवरच्या बाया चैत्र-वैशाखात हंडा घेऊन टँकरची वाट पाहतात. त्या हंड्याची मजुरी कुणी धरलेली नाही. ती कुठल्या खात्यात मांडायची?

काही वाटा उघडल्या आहेत, त्या माहीत करून घ्या. वनहक्कांचा कायदा २००६ साली झाला. त्यात विवाहित माणसाला जमिनीचा हक्क द्यायचा तो नवरा-बायको दोघांच्या नावे, असे स्पष्ट म्हटले आहे. शेतजमिनीच्या सातबाऱ्यावर बायकोचे नाव सहधारक म्हणून लावण्यासाठी ‘लक्ष्मी मुक्ती’ ही योजना शासनाने १९९२ साली काढली. नवऱ्याने मनावर घेऊन तलाठ्याकडे अर्ज करायचा असतो. यात नवऱ्याचे काही जात नाही. जाते ती फक्त “माझे म्हणजे माझे एकट्याचे” ही सवय. आणि वीटभट्टीवर जाणाऱ्या माझ्या बांधवांना एवढेच सांगेन, की बयाणा घेताना किती घेतला, खावटी किती घेतली, विटा किती पाडल्या, याची टिपणे आपणही ठेवा. घरात जी कोणी शिकलेली असेल, मुलगी असो की सून, तिच्याकडून ती लिहून घ्या. जमीनदाराची वही तोच वाचत होता म्हणून लग्नगड्याचे कर्ज फिटत नव्हते, हे विसरू नका.

शिक्षकांकडे माझे एक मागणे आहे. आपल्या भाषेत ज्यांना कुणी लिहायला लावले नव्हते अशा स्त्रियांनीही पुढे लिहिले. लक्ष्मीबाई टिळक लग्नानंतर अक्षरे शिकल्या. शांताबाई कांबळे प्राथमिक शिक्षिका होत्या. ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ हे त्यांचे पुस्तक १९८६ साली आले. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ त्याच वर्षी पुस्तकरूपाने निघाले. गोदावरीबाईंनी वारली स्त्रीविषयी लिहिले; या दोघींनी दलित स्त्रीचे जिणे स्वतःच्या तोंडून आणि स्वतःच्या बोलीत सांगितले. बाहेरच्या माणसाला न दिसणारे पुष्कळ काही त्यांत दिसते. दलित पुरुषाला वरच्यांनी गांजले, आणि घरी त्याच्या बायकोला त्याने गांजले, हे सांगायला त्या कचरल्या नाहीत. तसे शहापूर-मुरबाडच्या ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, कुणबी मुलींनी का लिहू नये?

पुस्तक लिहा असे मी लगेच म्हणत नाही. वर्गात निबंध घालताना ‘माझा आवडता ऋतू’ एखाद्या वर्षी बाजूला ठेवा. मुलींना आणि मुलांनाही सांगा, की घरी जाऊन आजीला विचारा: आजी, तुझे लग्न झाले तेव्हा खर्चाला पैसे कुणाकडून आणले? ते कुणी फेडले? तू किती दिवस कुणाकडे राबलीस, आणि तुझ्या हातात काय पडले? आजी सांगेल तसे, तिच्याच बोलीत उतरवून आणा. शुद्धलेखनाचे गुण कापू नका. शेवटी आजीचे नाव लिहायला सांगा. ‘अमक्याची आई’ किंवा ‘तमक्याची बायको’ असे नको. तिचे स्वतःचे, माहेरी ठेवलेले नाव. अशा पंचवीस वह्या जमल्या, तर गोदावरीबाईंच्या पुस्तकात जी जागा मोकळी राहिली आहे ती भरायला आपल्या दोन तालुक्यांतून सुरुवात होईल.

शिक्षक असाल तर या दिवाळीपूर्वी एवढे कराच. दिवाळीनंतर त्या वर्गातल्या काही मुली भट्टीवर गेलेल्या असतील.